वसंत ऋतू, व्हाया केळापूर टोलनाका

होळीच्या गाठ्या संपत येतात आणि मोठ्या शहरांतल्या आईवडिलांना नवी काळजी लागते : मुलांना वसंत दाखवायचा तरी कुठे? पुण्यात तो सोसायटीच्या बागेत वॉचमनच्या परवानगीने फुलतो. मुंबईत त्याला उतरायला जागा नाही. नागपुरात तो येतो कूलरच्या ताट्यांमध्ये नवा वाळा भरून घेण्याच्या दिवसांत आणि ताट्या भरून होईपर्यंत निघूनही गेलेला असतो. मग कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठराव होतो की या खेपेला मॉल नाही, निसर्ग. निसर्ग म्हणजे अर्थातच वाघ. पळस, मोह, चारोळी ही मंडळी वाटेत आपोआप दिसतात, त्यांचं बुकिंग करावं लागत नाही, त्यामुळे त्यांना मान नाही.

निसर्गाकडे जाणारा हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 44, श्रीनगरहून कन्याकुमारीला निघालेला. नागपूर सोडून बुटीबोरी, जाम, हिंगणघाट मागे टाकलं, की पुढे यवतमाळ जिल्ह्यातला केळापूर तालुका लागतो. तालुका केळापूर, पण तहसील पांढरकवड्यात, अशी ही व्यवस्था. शहरी पाहुण्याला ही भानगड कळत नाही. त्याची आणि केळापूरची ओळख फास्टॅगच्या मेसेजपुरती असते : अमुक रुपये कापले, टोलनाका केळापूर. गावात जगदंबेचं जुनं देऊळ आहे, तेलंगणातूनही भाविक तिथे येतात. पण सफारीच्या गाडीला देवीसाठी थांबायला वेळ नसतो. गेट उघडण्याआधी पोचायचं असतं.

हे गेट टिपेश्वर अभयारण्याचं. सुमारे 148 चौरस किलोमीटरचं, 1997मध्ये घोषित झालेलं हे जंगल ताडोबाच्या मानाने लहान, म्हणून वाघ दिसण्याची आशा मोठी. नागपूर आणि हैदराबाद, दोन्हीकडची कुटुंबं पहाटे इथे जमतात. वडिलांच्या अंगावर खिशांनी भरलेलं खाकी जाकीट असतं, त्या खिशांत काहीही नसतं. आईजवळ सॅनिटायझर, थेपले आणि उलटीची गोळी. मुलांना चार वाजता उठवलेलं असतं, त्यामुळे पहिले दोन तास ती वसंत डोळे मिटून अनुभवतात.

जिप्सीत बोलायची भाषाही वेगळी. वाघ दिसणं याला 'साइटिंग' म्हणायचं. नीलगाय, चितळ, सांबर, मोर यांना 'फक्त' हा शब्द जोडायचा. "फक्त मोर होता," असं म्हणणारं सात वर्षांचं पोर टिपेश्वरच्या फाटकावर ऐकायला मिळतं. पोराचा त्यात दोष नाही. वडिलांनी गेल्या चार दिवसांत त्याच्यापुढे मोराचं नाव काढलेलं नसतं. फेब्रुवारी-मार्चात पानं झडून नुसता केशरी उरलेला पळस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा असतो, आणि गाडीतले सगळे त्याच्या बुंध्यामागे काही पट्टेदार हलतंय का ते बघत असतात.

वाघ दिसलाच, तर पुढे काय होतं याचा एक नमुना न्यायालयाच्या दप्तरी जमा आहे. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात वर्षअखेरीच्या पर्यटकांच्या जिप्सींनी एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. व्हिडिओ फिरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, वाहनचालक आणि गाईड निलंबित झाले. जिप्सीत बसून "भय्या, थोडा आगे लो ना" म्हणणाऱ्यांना कोणी निलंबित केलं नाही. तेही मुलाबाळांना घेऊन सुट्टीवर आले होते. वाघीण तर पोरांना घेऊन चालली होती फक्त, तिचं कुठलंही बुकिंग नव्हतं.

ज्यांना वाघ परवडत नाही, त्यांच्यासाठी शहरात शिबिरं आहेत. मुलांना पैसे भरून मातीत खेळवतात, पैसे भरून झाडावर चढवतात आणि दुपारी आंब्याचं पन्हं देऊन ते 'पारंपरिक पेय' असल्याचं सांगतात. होळीआधी शेणाच्या चाकोल्या थापून, मध्ये भोक पाडून, त्यांची माळ ओवायचा उद्योग विदर्भातली पोरं विनामूल्य करत आली आहेत. त्याची कार्यशाळा अजून निघाली नसेल, तर निघेल. गोवऱ्या ऑनलाइन मिळू लागल्याच आहेत.

केळापूरकडच्या मुलांचं वसंत शिबिर मात्र मोहाच्या झाडाखाली भरतं. मोहफुलं पहाटे गळतात, म्हणून अंधारातच निघावं लागतं. वाकून वाकून टोपली भरायची, घरी आणून वाळवायची, विकायची. ऐकायला हे फार रम्य वाटतं आणि पुण्याच्या एखाद्या मासिकात पानभर रंगीत फोटोसह शोभूनही दिसेल. पण वाकलेला माणूस जनावराला माणसासारखा दिसत नाही. मोहाच्या आणि पुढे तेंदूपत्त्याच्या हंगामात विदर्भातल्या जंगलांत हल्ले वाढतात, आणि वनखातं सांगत सुटतं की एकट्याने जाऊ नका, पहाटे जाऊ नका. पहाटे गेलं नाही तर फुलं गुरं आणि हरणं खातात. ही 'अॅक्टिव्हिटी' शिबिराच्या माहितीपत्रकात घालता येत नाही.

याच पांढरकवडा वन विभागाने 2018मध्ये साहसी उपक्रमांचा एवढा मोठा कार्यक्रम पाहिला की कुठल्याही रिसॉर्टने लाजावं. टी-1 ऊर्फ अवनी नावाची वाघीण. दोन वर्षांत तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले. तिला पकडायला आधी हत्ती आणले. त्यातला एक साखळदंड तोडून पळाला आणि त्याने एका बाईचा जीव घेतला. मग पॅराग्लायडर. मग इटालियन जातीची शिकारी कुत्री, एका नामवंत गोल्फपटूच्या मालकीची. मग कॅल्विन क्लाइन कंपनीचं 'ऑब्सेशन' नावाचं पुरुषांचं अत्तर, कारण त्याच्या वासाला मोठी मांजरं भुलतात असा परदेशी प्राणिसंग्रहालयांचा अनुभव. ज्या मुलखात उन्हाळ्यात घराघरांत प्यायच्या पाण्याचा हिशेब मांडतात, तिथल्या झुडपांवर सरकारी खर्चाने विलायती अत्तर शिंपडलं गेलं. अखेर 2 नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात वाघीण गोळीने मेली. मुंबईत तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या. बोराटीच्या आसपास फटाके फुटले. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना क्रूर म्हटलं, आणि दोघांच्या मुलांनी ते टीव्हीवर पाहिलं.

आता उलट दिशेची सहल पाहू. केळापूर तालुक्यातलं कुटुंब सुट्टीत नागपूरला जातं. कापूस विकून झालेला असतो, पऱ्हाटी उपटून झालेली असते, मामाचं घर नागपुरात असतं, आणि पोरं म्हणतात, "बाबा, मेट्रोत बसाचं हाय." नागपूरची मेट्रो मार्च 2019मध्ये सुरू झाली. पहिली काही वर्षं तिच्यात प्रवाशांपेक्षा सहलीला आलेली मंडळी जास्त दिसत, आणि महामेट्रोनेही हे ओळखून डब्यात वाढदिवस साजरे करायची सोय करून दिली. पोरांना वर्धा रोडवरच्या दुमजली पुलाच्या गिनेस विक्रमाशी देणंघेणं नसतं. त्यांना थंडगार डबा आवडतो. बाहेर पारा 43वर आणि आत स्वेटर हवासा वाटतोय, हा चमत्कार टिपेश्वरात नाही.

मग रमण विज्ञान केंद्र. त्याच्या आवारात डायनोसॉर आहेत, ते हल्ला करत नाहीत, त्यामुळे त्यांच्याजवळ निवांत फोटो काढता येतो. मग सरकता जिना. पांढरकवड्याहून आलेली आजी त्यावर पाय ठेवण्याआधी लुगड्याचा काठ धरून देवाचं नाव घेते, आणि मागे रांगेत उभे असलेले नागपूरकर एकमेकांकडे बघून हसतात. हेच नागपूरकर गेल्या आठवड्यात जिप्सीतून उतरताना गाईडचा हात सोडत नव्हते.

महाराजबाग तर हवीच. भोसल्यांच्या बागेतलं हे प्राणिसंग्रहालय गेल्या शतकाच्याही आधीचं, आणि आज ते आहे शेतकी कॉलेजाकडे, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे. वाघ आणि बिबटे कृषी खात्यात कसे, असा प्रश्न शहरातल्या माणसाला पडतो. केळापूरच्या शेतकऱ्याला पडत नाही. त्याच्याकडेही वाघ शेतातच येतो.

गोरेवाड्याला 26 जानेवारी 2021 रोजी बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं प्राणी उद्यान सुरू झालं. तिथे बंद बसमधून फिरवतात. खिडकीला जाळी आणि बाहेर वाघ. शहरी पोरं किंचाळतात. केळापूरचं पोर मात्र इकडे तिकडे बघून शांतपणे विचारतं, "इथं गुरं कोण राखते?" बसमधल्या कुणाकडे याचं उत्तर नसतं. फुटाळा तलावातलं संगीत कारंजं पाहायचं राहूनच जाई, कारण त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालत गेला आणि कारंज्याचं संगीत त्या काळात बहुधा वकिलांनीच ऐकलं.

वेळही फार नसतो. 2025मध्ये राज्य सरकारने परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबवायचं ठरवलं, तेव्हा विदर्भातल्या शिक्षकांनी विचारलं की पुण्याचं वेळापत्रक नागपूरच्या उन्हात वाळत का घालता? नागपुरात त्या दिवसांत सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात, दुचाकीवाल्यांना लाल दिव्यात सावली मिळावी म्हणून. वसंताची शहरातली ही सर्वात हिरवी खूण.

या सगळ्या सहलींत खऱ्या अर्थाने हिंडून आला तो टिपेश्वरचाच एक तरुण. टी-1-सी-1 असं कागदोपत्री नाव (यातली टी-1 म्हणजे अवनी नव्हे), पुढे 'वॉकर' म्हणून गाजला. फेब्रुवारी 2019मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली, आणि जूनमध्ये स्वारी घर सोडून निघाली. तेलंगणा, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला, शेतांतून, नाल्यांतून, महामार्ग ओलांडून, एकही टोल न भरता. वर्षअखेरीस तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळं हिंडणं धरलं तर तीन हजार किलोमीटरच्या वर. 2020मध्ये कॉलर काढली. ज्ञानगंगेत खायला भरपूर, पण दुसरा वाघ नाही की वाघीण नाही, म्हणून त्याच्यासाठी एखादी जोडीदारीण नेऊन सोडावी का, यावर अधिकाऱ्यांत गंभीर चर्चा झाली. स्थळ यवतमाळचंच पाहावं की बाहेरचं चालेल, खर्च कोणी करायचा आणि मुलीकडच्यांची परवानगी कोणत्या नमुन्यात मागायची, हे मात्र बैठकीत ठरलेलं दिसत नाही.