सहभाग शून्य

१९९४ साली अमेरिकेत हार्वे डॅनियल्स यांनी 'लिटरेचर सर्कल्स'वर पुस्तक लिहिले. चार-पाच मुलांनी एकच पुस्तक वाचायचे. कोणी प्रश्न काढायचे, कोणी चित्र, कोणी अवघड शब्द. मग गोल करून गप्पा. पुढे मुले भूमिकांचे तक्ते भरण्यातच गुंतू लागली, तेव्हा तक्त्यांचा आग्रह त्यांनी स्वतःच सोडला. भला माणूस, पण टॅब येईपर्यंत धीर धरायला हवा होता.

आमच्या माहितीतल्या एका शाळेने ती उणीव भरून काढली आहे. आठवीला 'श्यामची आई' होते. नकाशाधिकारी मुलीने पालगडवर खूण रोवली आणि वाटेतला पेट्रोल पंपही शोधून दिला. पॉडकास्टप्रमुखाने सुरुवातीचे संगीत निवडायला तीन तास घेतले. क्यूआर-व्यवस्थापकाने मुखपृष्ठावर असा चौकोन चिकटवला, की स्कॅन करताच मुखपृष्ठाचा फोटो दिसतो. (सोय ती सोय!) साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. तिथे वायफाय नव्हते, म्हणूनच मजकूर एवढा लांबला असावा. सारांशमंत्र्याने तो एआयकडून चार ओळींत बसवून घेतला आणि सर्वांची सुटका केली.

एकच गालबोट लागले. एका मुलाचा टॅब बंद पडला. खाते गेल्यामुळे तो कोपऱ्यात पुस्तक उघडून बसला. घंटा झाली तेव्हा त्याचे डोळे पाणावलेले होते. मूल्यमापनात तसा रकाना नसल्याने बाईंनी वहीत शेरा दिला: 'सहभाग शून्य. उद्या चार्जर पाठवणे.'