अभ्यास चालू आहे

आमच्या सोसायटीतल्या नानांना ईमेल बदलायचा आहे. अटलजी पंतप्रधान होते तेव्हापासून बदलायचा आहे.

असे नाना प्रत्येक सोसायटीत असतात. डोंबिवलीत तर विंगेला एक. ही माणसं रविवारी कल्याण-शीळ रोडला सॅम्पल फ्लॅट बघायला जातात, बाल्कनीत उभं राहून वारा कुठून येतो ते तपासतात, कार्पेट आणि बिल्ट-अप यांवर सेल्समनची परीक्षा घेतात, बिल्डरचा चहा पितात आणि संध्याकाळी आपल्या वन-बीएचकेत परत येतात. घ्यायचं काहीच नसतं. पण बाजारात काय चाललंय हे आपल्याला ठाऊक नाही, असं उद्या कोणी म्हणता कामा नये.

नाना रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. उमेदीची सगळी वर्षं इतरांच्या प्रवासभत्त्यांवर हरकती घेण्यात गेली आणि ती सवय पेन्शनीबरोबर घरी आली. त्यांच्याकडे एक दोनशेपानी वही आहे. खाकी कागदाचं कव्हर, वर सुवाच्य अक्षरात ‘ई-मेल : तुलनात्मक’. आत पट्टीने आखलेले रकाने. जागा किती, जाहिराती किती, अटॅचमेंट केवढी जाते, स्पॅम किती दिवस ठेवतात, मराठी नीट दिसते का, आणि शेवटचा रकाना, ‘फोन केल्यास माणूस बोलतो का’. या शेवटच्या रकान्यात पहिल्या ओळीला ‘नाही’ आहे आणि पुढे वहीभर ‘वरीलप्रमाणे’.

पहिलं पान हॉटमेलचं. ४ जुलै १९९६ रोजी सुरू, संस्थापक सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ, १९९७च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टला विक्री. यातलं ‘सबीर भाटिया’ तेवढं हिरव्या शाईत आहे, कारण आपला माणूस. पुतण्याने स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत खातं उघडून दिलं तेव्हा जागा मिळायची २ एमबी. आजच्या मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात धड मावणार नाही. नाना तासाचे पैसे भरून आधी जुने मेल पुसत बसायचे आणि वेळ उरला तर नवे वाचायचे. मराठीचा रकाना तेव्हा अगदी केविलवाणा होता. इकडून कोणत्याशा फॉन्टमध्ये ‘तीर्थरूप नानांस’ लिहावं आणि तिकडे चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मधूनच एखादा डॉलर उमटावा. युनिकोड रुळल्यावर हा रकाना सगळीकडे ‘होय’ झाला. नानांच्या वहीत एकमताने मंजूर झालेला हा एकमेव ठराव.

मग रेडिफ आलं. कंपनी माहीमची. दादरला गाडी बदलून समक्ष जाऊन तक्रार देता येईल, हा मुद्दा नानांना निर्णायक वाटला. तक्रार द्यायला ते कधी गेले नाहीत, पण जाता येईल यातच निम्मं समाधान असतं. तिथला पत्ता त्यांनी घेतला, स्वतःचं नाव, अंडरस्कोर आणि जन्मसाल असा. तो फोनवर सांगताना नानांना ऐकावं. “अंडरस्कोर म्हणजे खालची रेघ. मधली नाही हो, खालची! शब्दाच्या पायाशी असते ती.” गॅस एजन्सीतल्या मुलीने एकदा सगळंच लिहून घेतलं होतं, ‘खालचीरेघ’सकट.

१ एप्रिल २००४ला गुगलने १ जीबीचं जीमेल जाहीर केलं. हॉटमेल-याहू मोजून-मापून जागा देत असताना कोणी एकदम १ जीबी देतो म्हणाला, आणि तेही एक एप्रिलला, तेव्हा अनेकांना ती थट्टा वाटली. नानांना अजून वाटते. शिवाय खातं उघडायला आधीच्या खातेदाराचं आमंत्रण लागायचं, आणि नाना काही न बोलावता पंगतीला बसणाऱ्यांतले नव्हेत. पुढे भाचीने आमंत्रण पाठवलं, त्यांनी खातं उघडलं, आणि मग त्यांच्या स्वतःच्या खात्यात वाटायला म्हणून काही आमंत्रणं आली. ती त्यांनी वर्षभर राखून ठेवली. बिल्डिंगमधला कोणी मागायला आला की “बघतो, सध्या शिल्लक कमी आहे” म्हणायचे. फेब्रुवारी २००७मध्ये जीमेल सगळ्यांना खुलं झालं आणि नानांच्या हातातली ती सत्ता गेली. जीमेलवरचा त्यांचा राग तिथला आहे, असा माझा अंदाज आहे. खासगीपणाचा मुद्दा नंतर आला.

पण आला तो जोरात आला. जाहिराती दाखवण्यासाठी जीमेल मजकूर चाळतं, हे वाचल्यापासून नाना जीमेलवरून पाठवलेल्या मेलच्या शेवटी वाचणाऱ्यालाही नमस्कार लिहायचे. २०१७मध्ये गुगलने जाहिरातींसाठी मेल चाळणं बंद करत असल्याचं सांगितलं. वहीत तशी नोंद आहे, पुढे कंसात ‘म्हणे’. त्याच वर्षी याहूने कबूल केलं की २०१३च्या चोरीत त्यांची सगळी तीनशे कोटी खाती सापडली होती. नाना त्या दिवशी जिन्यात भेटले ते चक्क खुशीत होते. “तीनशे कोटींत आपणही आहोत,” म्हणाले. जागतिक पातळीवरच्या घटनेत डोंबिवली पूर्वेचा सहभाग असण्याचे प्रसंग तसे कमीच येतात.

मग ते स्वित्झर्लंडला पोचले. प्रोटॉनमेल २०१४ साली सर्न या प्रयोगशाळेत काम केलेल्या मंडळींनी सुरू केलं. मेल असा कुलूपबंद ठेवायचा की खुद्द कंपनीलाही वाचता येऊ नये. नानांनी स्विस कायद्यावर आम्हाला लिफ्टच्या दाराशी व्याख्यान दिलं. नंतर त्यांना शोध लागला की प्रोटॉन मजकूर झाकतं पण विषयाची ओळ तशी झाकत नाही, आणि जर्मनीतलं हॅनोव्हरचं टुटा तीही झाकतं. तीन दिवस झोप नाही. अखेर काकूंनी कांदा चिरता चिरता विचारलं, “अहो, पण तुमचा विषय असतो काय? फॉरवर्ड, फॉरवर्ड, फॉरवर्ड, गुडघेदुखीवर रामबाण.” आत काय असतं तेही आम्हाला ठाऊक आहे. महावितरणचं बिल आणि टाकी धुणार असल्याने पाणी येणार नाही ही सोसायटीची सूचना, जी लिफ्टमध्येही चिकटवलेली असते.

नानांची चाचणी घेण्याची पद्धत मी स्वतः पाहिली आहे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी वही, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलेलं. एका खात्यातून स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर मेल पाठवायचा, सेकंद मोजायचे, पोचला की नोंद करायची. इथवर ठीक. पण नाना शिस्तीचे. आलेल्या पत्राला पोच द्यायची हा त्यांचा दंडक, म्हणून ते दुसऱ्या खात्यातून पहिल्याला उत्तर लिहितात, ‘आपला मेल मिळाला, आभारी आहे.’ त्यावर पहिल्या खात्यातून पुन्हा, ‘तत्परतेबद्दल धन्यवाद.’ त्या दिवशी प्रोटॉनवरून गेलेला एक मेल रेडिफवर चटकन दिसेना, तर नाना स्वतःवरच चिडले. “पाठवलंय म्हणतो, इथे तर काही नाही!” तो स्पॅममध्ये निघाला. स्वतःचंच पत्र आपणच केरात टाकल्यासारखं त्यांना इतकं लागलं की प्रोटॉनचे दोन गुण कापले गेले. कापायला हवे होते रेडिफचे, पण तिथे माहीम आड आलं.

ऑक्टोबर २०२५मध्ये अमित शहांनी आपला ईमेल झोहोवर नेल्याचं जाहीर केलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्वदेशीची लाट आली. श्रीधर वेंबूंची ही तामिळनाडूतली कंपनी गावाकडे कचेऱ्या काढते. तिच्या मेलची माहिती नानांकडे २००८पासून, म्हणजे झोहो मेल निघालं तेव्हापासून होती. “मी तेव्हाच म्हणालो होतो,” असं ते ग्रुपवर लिहून मोकळे झाले. तेव्हा ते काय म्हणाले होते, तर ‘बघू’. आता सगळी बिल्डिंग त्यांच्याकडे सल्ल्याला येऊ लागली. त्यांनी प्रत्येकाला वही दाखवली, फायदे-तोटे सांगितले, आणि झोहोवर जायला निघालेल्या चारही घरांना जागच्या जागी थांबवलं.

एकदा मात्र नाना खरोखर निघाले होते. २०२१च्या जूनपासून गुगलने फोटोही त्या फुकट १५ जीबीत मोजायला सुरुवात केली, जीमेल भरत आलं, आणि तिकडे याहूवर १ टीबी मोकळी. सगळं याहूवर न्यायचं ठरलं. नानांनी वहीत नवं पान उघडलं, ‘जुना पत्ता कुठे कुठे दिला आहे’. बँका, विमा, म्युच्युअल फंड, डिमॅट, आयकर, डिजिलॉकर, रेल्वे तिकीट, पासपोर्ट, गॅस, वीज, मालमत्ता कर, वाचनालय, ज्ञातिमंडळ. पान संपलं, मागचंही संपलं. एका बँकेत विचारलं तर फॉर्म भरून शाखेत या म्हणाले. शाखेत गेले तर म्हणाले की खात्री करायला ओटीपी जुन्या ईमेलवर पाठवतो. त्या जुन्या खात्याचा पासवर्ड कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलेला होता आणि ते कालनिर्णय रद्दीत गेलं होतं. पासवर्ड बदलायचा तर संदेश याहूवर जातो, आणि याहूला आधार म्हणून जो पत्ता दिला होता तो एका अशा सेवेचा निघाला, जी केव्हाच बंद पडली आहे. शेवटी मोबाइल नंबरने सुटका झाली, पण नानांनी त्यातून घ्यायचा तो बोध घेतला आणि पान गुंडाळलं. बरंच झालं. २०२५मध्ये याहूने फुकट जागा १ टीबीवरून २० जीबीवर आणली. नानांनी तो १ टीबी पक्क्या शाईत लिहून ठेवला होता. आता जागेचा रकाना ते पेन्सिलीने भरतात.

माझं मत विचाराल तर या सगळ्या फुकट सेवांत उन्नीस-बीसचाच फरक आहे. मेल जातो, येतो, नको ते बहुतेक वेळा स्पॅममध्ये पडतं. फरक पत्ता बदलण्याच्या खटाटोपात आहे, आणि तो कोणाच्याच जाहिरातीत नसतो. तो फक्त नानांच्या वहीत आहे.

तेव्हा तुम्हाला खरंच बदलायचं असेल तर नानांकडे जरूर जा. आधी बँक आणि आयकर उरका, रिकव्हरीचा पत्ता आणि मोबाइल नंबर तपासा, जुनं खातं निदान वर्षभर चालू ठेवा, याहूच्या फुकट खात्यातून मेल आपोआप पुढे जाईल या भरवशावर राहू नका कारण ती सोय २०२१च्या सुरुवातीलाच काढली, आणि गुगलचं खातं दोन वर्षं उघडलंच नाही तर ते पुसलं जाऊ शकतं. हे सगळं ते वहीतलं पान उघडून बिनचूक सांगतील. चहाही मिळेल. येण्याआधी मेल करणार असाल तर रेडिफवरच करा, आणि पत्त्यात रेघ खालची.