जिथं चाक, तिथं पावती

पावती अजून माझ्या खिशात आहे. गुलाबी कागद, एसटीच्या जुन्या तिकिटाहून दोन बोटं मोठा, कोपऱ्याला पावतीवाल्याच्या अंगठ्याचा ओला ठसा. वर छापलंय, 'वाहनतळ शुल्क रु. 50'. त्याखाली, 'सदर रक्कम समुद्रकिनारा उद्यानाच्या देखभालीसाठी वापरली जाईल'. आणि सगळ्यात खाली, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरात, 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर. चोरी, मोडतोड अथवा भरतीमुळे होणाऱ्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही'. म्हणजे गाडी माझी, काळजी माझी, भरती समुद्राची. पन्नास रुपये तेवढे त्यांचे.

किनाऱ्याचं नाव सांगत नाही. मेव्हण्याला पुढच्या वर्षी परत जायचंय. औंढ्याहून त्याच्याच गाडीत आम्ही सातजण निघालो होतो, मांडीवर धपाट्यांचा डबा आणि पायाशी पाण्याचा जार घेऊन. रात्रभर घाट उतरून सकाळी समुद्र दिसला तेव्हा पोरं ओरडली, आणि ओरडणं संपायच्या आत काचेवर टकटक झाली. पावती.

मी भाबडा माणूस. पन्नास रुपये बागेसाठी दिलेत तर बाग तरी बघावी म्हणून विचारलं, "दादा, उद्यान कुठंय?"

पोरगा सभ्य होता. म्हणाला, "काका, तुमची गाडी लागलीय ना, तेच उद्यान."

खाली बघितलं. मागच्या चाकाखाली खरंच एक विटांची गोल कडा होती, कधीकाळी फुलझाडाच्या आळ्याची असावी. पुढे एक घसरगुंडी होती, तिला टेकून टेम्पो ट्रॅव्हलर उभी. सिमेंटच्या बाकाला कुणीतरी स्कूटर साखळीने बांधली होती. पलीकडे सुरूची चार झाडं, चारींच्या बुंध्याला पांढऱ्या रंगात नंबर घातलेले, झाडांचे नव्हेत, गाड्यांच्या जागांचे.

मग मेव्हण्याने आणि मी वाळूत बसून या उद्यानाचं अर्थशास्त्र उलगडलं, ते असं. बागेची देखभाल करायची तर पैसा लागतो. पैसा पार्किंगमधून येतो. पार्किंगला जागा लागते. किनाऱ्यावर एका बाजूला समुद्र, तो सरकत नाही, निदान सांगून सरकत नाही. दुसऱ्या बाजूला लोकांच्या वाड्या, तिथे हात लावला तर माडावरून नारळ पडतो, नेमका डोक्यात. मधे उरते बाग. तेव्हा बागेच्या देखभालीसाठी बागेचाच एक तुकडा पार्किंगला द्यायचा. पैसा आला. पण तुकडा कमी पडला, सुट्टीत गर्दी फार, म्हणून दुसरा तुकडा. आणखी पैसा आला. देखभालीची रक्कम वाढत गेली आणि देखभाल करायची जागा कमी होत गेली, म्हणजे दर चौरस फुटामागे होणारी देखभाल आकाशाला भिडली. आज त्या किनाऱ्यावर उरलीय एक तुळस, तीही पावतीवाल्याच्या टपरीशेजारी, पत्र्याच्या डब्यात, आणि हिशेबाने बघितलं तर ती या देशातली सर्वांत श्रीमंत तुळस असली पाहिजे. उद्या तीही वाळली की उद्यानाचा खर्च शून्य होईल, निधी सगळा शिल्लक राहील, आणि कुणीतरी भाषणात सांगेल की हे उद्यान स्वयंपूर्ण झालं.

उन्हं वर आली तशी आम्ही गाडी सुरूच्या सावलीला नेली. पन्नास पावलं. दुसरा पावतीवाला झाडामागून निघाला. आधीची पावती दाखवली तर म्हणाला, ती 'अ' भागाची. बायको म्हणाली, गाडी परत रस्त्यावर घ्या. रस्त्याच्या कडेला घेतली, तिथे तिसरा.

आम्हा औंढेकरांना या प्रकारची सवय असायला हवी. आमच्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निवांत पडले होते. नामदेवांना राग आला. विसोबा म्हणाले, बाबा रे, म्हातारा झालोय, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय इकडे ठेवले तर तिथे पिंड, तिकडे ठेवले तर तिथेही पिंड. ही गोष्ट लहानपणापासून ऐकली, पण चराचरात तो कसा भरून आहे हे मला समजलं कोकणात, मेव्हण्याच्या गाडीत, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. जिथे पावतीवाला नाही तिथे चाक ठेवून दाखवा. फरक एवढाच की नामदेवांना त्यातून गुरू मिळाला. आम्हाला दीडशे रुपयांच्या तीन पावत्या मिळाल्या, आणि तिन्हींवर उद्यान एकच.

इथवर मी हसत होतो, हे कबूल करतो. बिनसलं ते नळापाशी.

भाचीचे पाय खारट वाळूने चुरचुरत होते. पाय धुवायला एक ओटा आहे, त्यावर फरशी आहे, 'पाय धुण्याची जागा' अशी पाटीही आहे. नळाला तोटी नाही. पाइपाच्या तोंडात नारळाच्या सोडणाचा बोळा कोंबलेला. तो काढला तर आतून एक कोळी बाहेर आला आणि आमच्याकडे बघून, बहुधा पावती मागावी की नाही या विचारात, परत आत गेला. मी त्या ओट्यावर बसलो आणि दोन तास गाड्या मोजल्या. त्रेसष्ट. त्रेसष्ट गुणिले पन्नास, तीन हजार एकशे पन्नास रुपये, फक्त दोन तासांत, फक्त 'अ' भागात. तोटीला किती पडतात हो? आमच्या बसस्टँडसमोरच्या हार्डवेअरच्या दुकानात दीडशेत चांगली पितळी येते, घासाघीस न करता. म्हणजे माझ्या तीन पावत्यांत ती आली असती. माझ्या पुढच्या गाडीत दुसरी आली असती. टेफ्लॉनची टेप मी घरून आणली असती! पण नाही. पाय धुवायला शेवटी वीस रुपयांची बाटली घ्यावी लागली, आणि ती विकत होता पहिल्या पावतीवाल्याचा भाऊ. त्या पोरांवर माझा राग नाही, त्यांना दिवसाचे ठरावीक मिळतात. राग 'देखभाल' या शब्दावर आहे. देख म्हणजे बघणे, आणि बघत तर सगळेच होते.

कुणी म्हणेल, मराठवाड्यातली माणसं फुकट्या वृत्तीची. नाही साहेब. शुल्क द्यायला माझी ना नाही, उलट गाडी घेऊन येणाऱ्यानं द्यायलाच हवं. 1935 साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या रस्त्यावर जगातलं पहिलं पार्किंग मीटर बसलं, तासाला पाच सेंट, तेव्हापासून उभ्या चाकाला भाडं आहे. कॅलिफोर्नियात ओल्ड पासाडेना नावाची जुनी पेठ आहे. तिथे मीटर लावायला दुकानदारांचा कडकडीत विरोध होता. मग ठरलं की मीटरचा पैसा त्याच पेठेत खर्च होईल. 1993 मध्ये मीटर लागले, त्या पैशातून तिथलेच फुटपाथ झाले, दिवे लागले, झाडं लागली, आणि विरोध करणारेच रात्री उशिरापर्यंत मीटर चालू ठेवायला राजी झाले. म्हणजे कल्पना झकास आहे. आपण तिच्यातलं पहिलं वाक्य तेवढं पाठ केलं, आणि पावतीवर छापलं.

आपल्याकडेही 2025 साली श्रीवर्धन, नागाव, पर्णका, गुहागर आणि लाडघर या पाच किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' हे स्वच्छ किनाऱ्याचं मानांकन मिळालं. त्याच्या तेहतीस कसोट्या असतात आणि वाळूत मनमानी गाड्या घालणं त्यांत बसत नाही. आमचा किनारा या पाचांतला नव्हे. तिथे गाडी थेट मर्यादवेलीवर घालतात. जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची ही वेल वाळूवर पसरते आणि गाठीगाठीला मुळं सोडून वाळू धरून ठेवते. समुद्राने इथवर यावं, पुढे नाही, असं सांगणारी म्हणून मर्यादवेल. तिच्यावरून चाकं गेली की वाळू सुटते, वाऱ्याने बागेत येते, आणि मग बागेतली वाळू काढण्यासाठी देखभाल निधी लागतो. निधी कुठून येतो ते वर सांगितलंच आहे.

घरी आल्यावर हे सगळं शेजारच्या बापूंना सांगितलं. मला वाटलं, चिडतील. बापूंचे डोळे चमकले.

"मास्तर, हे तर आपल्याकडं लगेच होतंय बघा."

"बापू, आपल्याला समुद्र नाही."

"समुद्राचं काय करायलाव? गाड्या हैत की. श्रावणात बघा, शिवरात्रीला बघा, पाय ठेवायला जागा नसती. बाग नंतर करता येती."

बापूंनी तिथल्या तिथे आराखडा सांगितला. नामदेवांच्या कीर्तनापायी देऊळ फिरलं आणि नंदी मागच्या अंगाला राहिला, ही आमच्याकडची कथा. तिच्या आधारे बापूंचं म्हणणं असं की औंढ्यात पार्किंगची परंपरा पुरातन आहे आणि नंदीचीच थकबाकी काढली तर दहा उद्यानं होतील. मी हात जोडले, नंदीला आणि बापूंनाही.

औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर गुरुत्वीय लहरी पकडायचं यंत्र व्हायचंय. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटरची, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारव्या भागाहून कमी फरक पडला तरी ते ओळखणार. असल्याच यंत्रांनी अमेरिकेत 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर टिपली, दोन कृष्णविवरांच्या धडकेची, सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली. ही धडक झाली तेव्हा पृथ्वीवर बापूच काय, बाभळही नव्हती. तरी ती लहर न चुकता पोचली. आणि टपरीतून नळाच्या ओट्यापर्यंत, साठ पावलं, मी मोजलीत, एक रुपया पोचत नाही. माझी शास्त्रज्ञांना विनंती आहे की यंत्र सुरू झालं की पहिल्या फावल्या वेळात त्याचं तोंड जरा कोकणाकडे करावं. निधी बागेच्या दिशेने केसभर जरी सरकला तरी त्याला कळेल. आमच्या डोळ्यांना नाही दिसत.

मेव्हण्याची गाडी धुताना मडगार्डमधून मूठभर वाळू आणि वीतभर मर्यादवेल निघाली. बायकोने ती तेलाच्या रिकाम्या डब्यात खोचली, आमच्या काळ्या मातीत, वर तीच वाळू पसरून. मला वाटलं नव्हतं जगेल. आठ दिवसांत पान फुटलं. आता वेल डब्याबाहेर उतरून ओट्याच्या कडेला आलीय, आणि माझ्या दीडशे रुपयांतून देखभाल झालेली ही एवढीच बाग आहे, तेव्हा रोज सकाळी मी तिला तांब्याभर पाणी घालतो.

काल बापूंच्या नातवाने डब्याला टेकवून मोटारसायकल लावली. मी पंचवीस रुपये घेतले आणि गुलाबी पावतीच्या पाठीमागे 'पोचले' असं लिहून सही केली. पोरगा म्हणाला, "आजोबा, ही तर वापरलेली हाय." मी म्हटलं, 'ब' भागाला चालते.