पीएसआय साहेब

हा माणूस तुमच्याही सोसायटीत आहे. नसेल तर सासुरवाडीला आहे, ऑफिसात आहे. तुम्ही सहकुटुंब गावाला निघालेले असता. डिकीत बॅगा, मागे मुलं, बायकोच्या मांडीवर दशम्यांचा डबा, आणि गाडी गेटपाशी येते तोच कुणीतरी बॉनेटवर हात ठेवून उभा राहतो. मग वाकतो. मागच्या डाव्या चाकाकडे, डॉक्टर एक्स-रेकडे बघतात तसा बघतो आणि म्हणतो, "हं."

"हवा बघितलीत?"

"हो" म्हणून सुटका होत नाही. "किती?" तुम्ही अंदाजानं आकडा ठोकता. "कधी बघितलीत? गार होते का टायर?" इथे तुमची बायको घड्याळ बघते आणि मुलं खाली उतरून खेळायला लागतात.

आमच्या बदलापूरच्या सोसायटीत त्यांना सगळे पीएसआय साहेब म्हणतात. पोलीस खात्याशी त्यांचा संबंध नाही. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ते इन्स्पेक्शनला होते. जन्मभर गेज हातात. वस्तू गेजमध्ये बसली तर पास, नाही तर परत. निवृत्त झाल्यावर तपासायला काडतुसाची पितळी नळी उरली नाही, म्हणून आमचे टायर आले. बोलण्यात दर वाक्याला पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचं माप, त्यावरून हे नाव पडलं. पण नव्या माणसाला कोण सांगणार? नवा वॉचमन महिनाभर सॅल्यूट ठोकत होता. एक भाडेकरू पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म घेऊन त्यांच्या दारात गेला. साहेबांनी, म्हणजे आमच्या काकांनी, फॉर्म बाजूला ठेवला, त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकात किती हवा आहे ते विचारलं, आणि उत्तर ऐकून इतके गंभीर झाले की त्या बिचाऱ्याला आपली खोली गेली असंच वाटलं.

एवढ्यावर थांबते तर ठीक होतं. पण काका माणसंही पीएसआयमध्येच मोजतात. त्यांच्या मारुतीला तेहतीस लागते, म्हणून तेहतीस म्हणजे प्रकृती ठणठणीत. "काय हो लेखक, आज सत्तावीसच दिसताय. झोप झाली नाही?" आमच्या मजल्यावरच्या मुलीला बघायला आलेला मुलगा गेल्यावर सगळे काकांच्या तोंडाकडे बघत होते. "बरा आहे. पण चाळीस भरलीय. दगडधोंड्यावर उडणार." नगरपरिषदेच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून आमच्या पायऱ्या चढला तेव्हा काका मागून हळूच म्हणाले, "व्हॉल्व्ह लीक आहे." तो निवडून आला. सहा महिन्यांत त्यानं पक्ष बदलला, तेव्हापासून सोसायटीत काकांच्या गेजवर श्रद्धा बसली.

त्यांच्या स्वतःच्या गाडीची गंमत वेगळीच. हवा मोजायची ती टायर गार असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. फार तर दीड-दोन किलोमीटर सावकाश चालली असेल तर चालतं. जास्त चालली की आतली हवा तापते आणि गेज फुगवून आकडा सांगतं. साधारण पाच-सहा अंश तापमान वाढलं की एक पीएसआय चढतो. आता आमच्याकडून हवेची सोय असलेला पेट्रोल पंप तीन किलोमीटरवर. म्हणजे काका पंपावर पोचेपर्यंत टायर गरम! तिथे मोजलेली हवा त्यांना मान्य नाही, आणि घरी मोजली तर भरायची कुठे? या पेचात मारुती कित्येक महिने पार्किंगमध्ये पूर्ण गार अवस्थेत उभी होती. शेवटी त्यांनी पायानं मारायचा पंप आणला. आता पहाटे साडेपाचला पार्किंगमधून फुस्स-फुस्स ऐकू येतं. तळमजल्यावरच्या आजी बरेच दिवस त्याला प्राणायाम समजत होत्या.

पंपावरच्या पोरांशी त्यांचं जुनं वैर. पोरगा नोझल लावता लावता विचारतो, "पस्तीस मारू?" गाडी कुठलीही असो, पस्तीस. "दार उघड," काका सांगतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीनं स्टिकर लावलेला असतो: पुढे किती, मागे किती, गाडी भरलेली असताना किती. भारतात तो वाचणारे काका पहिलेच असावेत. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा वाचून तेवढी हवा मागणारे असतात त्यांना काका सांगतात, "ती कमाल मर्यादा आहे हो. थाळी अमर्याद असली म्हणून सगळी खायची नसते." स्टिकरचा हा ध्यास एकदा अंगाशी आला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात काकांनी मला समजावून सांगायला म्हणून समोर उभ्या गाडीचं दार उघडलं. गाडी आमची नव्हती. मालक दुकानातून धावत आला. काका वाकलेलेच, "साईं, मागे पाच कमी आहे." दहा मिनिटांनी दोघं चहा पीत होते आणि दुकानदाराचे तीन भाऊ आपापल्या गाड्यांची दारं उघडून उभे होते. आम्ही ज्या कपाटासाठी गेलो होतो ते राहूनच गेलं.

नायट्रोजन हा शब्द त्यांच्यासमोर काढू नये. "चाकामागे पैसे घेतात! साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो, फुकट." आणि मग एमआयडीसीच्या दिशेला नाक करून, "आपल्याकडे उरलेल्या बावीस टक्क्यांत काय असतं ते विचारू नका."

अंबरनाथला एका परिचिताच्या अंत्ययात्रेची गोष्ट सांगू की नको असं झालंय, पण सांगतो. सगळे जड पावलांनी खाली आले. काका शववाहिनीपाशी थबकले. वाकले. आम्हाला कळलं काय होणार ते, पण अशा वेळी कुणाला आवरणार? "मागचा डावा बसलाय," ते ड्रायव्हरला दबक्या आवाजात म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, इथल्या इथे तर जायचंय. काका म्हणाले, "परत तुला एकट्यालाच यायचंय, म्हणून सांगतो." हवा भरून आणली. गेलेल्या गृहस्थांचा थोरला मुलगा नंतर मला म्हणाला की त्या दिवशी त्याला तेवढंच एक हसू आलं होतं.

पण त्यांचा खरा पराक्रम शिर्डीच्या सहलीचा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर रस्ता पुरा झाला. आमणे भिवंडी तालुक्यात. कल्याणच्या कोंडीतून जिवंत सुटलं की आपलंच. सोसायटीनं टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. पहाटे सगळे बसले, नारळ फुटला, आणि काका मोबाइलचा टॉर्च घेऊन चाकापाशी उकिडवे.

टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. काकांनी मोठ्यांदा वाचलं, "तेवीस, सोळा. दोन हजार सोळाचा तेविसावा आठवडा." मग ड्रायव्हरला, "तुझा मुलगा कितवीत?"

"तिसरीत."

"टायर चौथीत आहे."

ड्रायव्हर म्हणाला, "काका, नक्षी आहे ना अजून."

"नक्षी अंबरनाथच्या देवळावरही आहे, १०६० सालापासून. ते एकशेवीसनं पळवतोस का?"

नक्षीची खोली गाडीला १.६ मिलिमीटर तरी हवी असा कायदा आहे, ती होती. पण रबर म्हातारं होतं, त्याला बारीक भेगा पडतात. आणि हवा तर दहानं कमी. मग काकांनी तिथेच वर्ग घेतला. टायर फुटतो तो जास्त हवेनं, हा लोकांचा लाडका गैरसमज. म्हणून उन्हाळ्यात लोक मुद्दाम हवा काढतात. खरं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला चेपते आणि उलगडते, चेपते आणि उलगडते, त्यातून उष्णता होते, रबर आतल्या धाग्यांपासून सुटतं, आणि मग तो धडाका. काटई-बदलापूर रस्त्यावर हे कळत नाही, कारण तिथे खड्ड्यांमुळे आणि ट्रॅफिकमुळे टायर तापायला वेगच मिळत नाही. समृद्धीवर तासन् तास एकशेवीस मिळतो. तो रस्ता पहिल्यांदा सुरू झाल्यावर टायर फुटून इतके अपघात झाले की परिवहन खात्यानं प्रवेशाच्या जागी टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. ही बातमी वाचली त्या दिवशी काका पंचेचाळीस पीएसआयवर होते. सरकारात कुणीतरी आपल्यासारखा आहे!

ट्रॅव्हलरच्या मालकाशी फोनाफोनी झाली, दोन टायर बदलले, आणि शिर्डीला आम्ही पोचलो तेव्हा दुपारची आरती होऊन गेली होती. परतीच्या वाटेवर काकांशी कुणी बोललं नाही. टायर फुटला नाही, त्यामुळे काका बरोबर होते हे सिद्ध करायला कुणाजवळ काही पुरावा नव्हता.

मला त्यांचा राग यायचा. अजूनही येतो, विशेषतः पहाटे साडेपाचला. पण इथे राहणाऱ्या माणसाच्या हातात असतं तरी काय? लोकल कर्जतहूनच भरून येते. पाणी आलं तर आलं. रात्री एमआयडीसी कुठला वास सोडणार ते वाऱ्यावर, आणि उल्हास नदी कधी घरात येणार ते नदीवर. रस्ता खणला का, हे खणणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यातल्या त्यात चार चाकांतली हवा आपण ठरवू तेवढी राहते. पाचव्यातलीही, काका सांगतील, स्टेपनी कुणी बघतच नाही.

त्यांचा मुलगा अमेरिकेत, टेक्सासात असतो. बापलेकांचं फोनवरचं संभाषण वर्षानुवर्षं एकच: "बरा आहेस?" "बरा आहे." "आईला देतो." मग एक दिवस मुलानं ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. गाडीच्या मागे जोडून ओढायचं अख्खं घर, आत पलंग, शेगडी, संडास. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं हे काकांनी मला त्या सुमारास अभिमानानं ऐकवलं, पण असलं घर ओढत कल्याणहून बदलापूरला निघालं तर अंबरनाथ येईपर्यंत शेगडी पलंगावर असेल हेही मान्य केलं.

ट्रेलरला चार चाकं. आता या माणसाला दुसरं काय हवं? काकांनी अभ्यास केला. ट्रेलरचे टायर वेगळे, बाजूनं कडक, वजन पेलायचे. त्यांत हवा बहुतेक वेळा कडेवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतकीच ठेवतात, मुलाच्या टायरला पासष्ट. म्हणजे आयुष्यभर दिलेलं थाळीचं प्रवचन इथे गुंडाळून ठेवावं लागलं; ते दोन दिवस काका गप्पच होते. वेगाची मर्यादा पुष्कळशा टायरना ताशी पासष्ट मैल. ट्रेलरचा टायर फुटला तर पुढे चालवणाऱ्याला लगेच कळतही नाही. सुटलेलं रबर फटकारे मारत खालचा पत्रा फाडतं, आणि त्याच बाजूच्या दुसऱ्या टायरवर सगळा भार पडून तोही जातो. म्हणून मुलाला व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर घ्यायला लावले. हवा किती, तापमान किती, पुढच्या गाडीतल्या पडद्यावर सतत दिसतं, आणि हवा झपाट्यानं उतरली की ओरडतं. मुलानं बापाला अमेरिकेहून गेजही पाठवलं. काकांनी ते उल्हासनगरच्या कॅम्पातून घेतलेल्या गेजशी ताडून बघितलं. दोन्ही सारखंच दाखवत होती. "दोन्ही यूएसएचीच," काका म्हणाले. आमच्या भागात यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनही.

रोज संध्याकाळी साडेचारला, म्हणजे तिकडे सकाळचे सहा, टायर गार असताना, पडद्याचा फोटो यायला लागला. चार आकडे, चार तापमानं. काका चहाचा कप बाजूला ठेवून उत्तर लिहायचे: "मागचा उजवा दोन कमी. भर." मुलगा यलोस्टोनला गेला, तिथे आकडे चढलेले दिसले, तर काकांनी मला बोलावून समजावलं की साडेसात हजार फुटांवर बाहेरची हवा विरळ, म्हणून गेज तीन-चार जास्त दाखवतं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी विचारते जेवलास का. हे विचारतात हवा किती. आणि तो उत्तर ह्यांनाच देतो."

जानेवारीत काकांनी मला फोन दाखवला. नेहमीसारखा फोटो. चौसष्ट, पासष्ट, पासष्ट, त्रेसष्ट. तापमान एकाहत्तर फॅरनहाइट.

"काय दिसतं?"

मला काही दिसलं नाही. त्यांनी मुलाच्या गावचं हवामान उघडलं. तिकडे बर्फ पडत होता.

"बाहेर पारा शून्याखाली, आणि टायर एकाहत्तरला? हवा निदान सहानं उतरायला हवी होती. हा फोटो ऑक्टोबरमधला आहे. रोज तोच पाठवतो." त्यांनी मागचे फोटो एकेक करून दाखवले. चौसष्ट, पासष्ट, पासष्ट, त्रेसष्ट. सगळे साडेचारला आलेले.

ज्या माणसानं नोकरीत कुणाची खोटी नोंद चालू दिली नाही, शववाहिनीला सूट दिली नाही, तो प्रत्येक फोटोखाली लिहीत होता: "ठीक. उद्या परत बघ."

"त्याला सांगत का नाही?" मी विचारलं.

"काय सांगायचं? विकला असेल ट्रेलर. बरंच केलं. तसे ते टायर पाच वर्षांचे झाले होते, बदलायलाच आले होते." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "पण पाठवायचाच आहे तर एखादा आकडा तरी इकडेतिकडे करावा की नाही? आमच्या खात्यात पहिल्या दिवशी पकडला असता."