फॉरमॅटभाऊ

नांदगाव पेठेत घरच्या कॉम्प्युटरवर नको ती जाहिरात नको त्या वेळी झळकू लागली, की कोणी माऊसला हात लावत नाही. फॉरमॅटभाऊला फोन लावतात. हा भाऊ कधी एमआयडीसीत पाळीवर जाणारा असतो, कधी हायवेकाठी झेरॉक्सचं दुकान चालवणारा, तर कधी नुसताच मोकळा. पण गल्लीत त्याची ख्याती एकच, तो फुकटात व्हायरस काढून देतो. आल्याबरोबर तो टॉवरच्या मागच्या वायरींकडे पाहून ‘च्च’ करतो, खिशातून पेन ड्राइव्ह काढतो आणि निदान सांगतो, “कायले टेन्शन घेता काकाजी? फॉरमॅट मारून देतो. निरा नवा होऊन जाईन.” पैशांचं नाव काढलं तर त्याला राग येतो. माझं भांडण त्या रागाशीच आहे. व्हायरस फुकटात निघावा याबद्दल दुमत नाही. तो फुकटातच निघायला हवा. तक्रार एवढीच, की भाऊच्या हातून तो निघण्यापेक्षा पोचतोच जास्त, आणि रुपया न घेतल्यामुळे त्याला तसं तोंडावर म्हणायची कोणाची टाप नसते.

पुरावा त्याच्या खिशातच आहे. सकाळी टोलनाक्याकडच्या घरी, दुपारी पेठेत आणि संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात तोच एक पेन ड्राइव्ह लागतो. एकाच सुईनं गावभर इंजेक्शनं देणाऱ्या डॉक्टरला लोक वेशीबाहेर काढतील. भाऊला मात्र पोह्यांवर तर्री वाढतात. पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू करणारी ऑटोरनची सोय एके काळी विंडोजमध्ये होती. त्या वाटेनं इतका उच्छाद झाला, की 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजलाही अपडेट देऊन पेन ड्राइव्हपुरती ती वाट बुजवली. मग शॉर्टकट व्हायरसनं जोर धरला. तो खरं फोल्डर लपवतो, त्याच नावाचा शॉर्टकट समोर मांडतो, आणि माणूस आपल्याच हातानं त्याला घरात घेतो. सॅलिटी आणि रॅमनिट तर आणखी पोचलेले. ते थेट प्रोग्रामच्या ईएक्सई फाइलींत शिरून बसतात. आणि भाऊच्या पेन ड्राइव्हवर काय असतं? ‘ऑल सॉफ्टवेअर’ नावाचं फोल्डर, ज्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत ईएक्सईच.

यावर काकाजी म्हणतील, काहीही म्हणा, फॉरमॅटनंतर कॉम्प्युटर पळतो. पळतो, हे कबूल. वर्षानुवर्षांची अडगळ गेल्यावर कोणतंही यंत्र चार दिवस पळतंच. पण भाऊ फॉरमॅट मारतो तो फक्त सी ड्राइव्हला, आणि तेवढ्यात छातीवर हात ठेवून सांगतो, “डी मधलं काहीच जात नाही, मी हाव ना!” खरंच जात नाही. अडचण अशी, की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सहसा सी मध्येच असतात, आणि घरच्या माणसानं जे जपायचं ते डोळ्यांसमोर राहावं म्हणून डेस्कटॉपवरच ठेवलेलं असतं: लेकीच्या लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचं स्कॅन, पीक विम्याची पावती. उलट डी मध्ये असतात मागच्या खेपेला भाऊनंच टाकलेले सेटअप, म्हणजे व्हायरसचं माहेर. थोडक्यात, घराला हवं होतं ते जातं आणि नको होतं ते राहतं. पुष्कळदा तर व्हायरस नसतोच. कुठल्याशा साइटनं ‘नोटिफिकेशन दाखवू का?’ विचारलं, नातवानं ‘अलाउ’ दाबलं, आणि ‘तुमच्या पीसीत 5 व्हायरस’ अशी दवंडी सुरू झाली. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ती परवानगी काढली की दवंडी थांबते. एवढ्यासाठी लग्नाचे फोटो होमात घालायचे, हा जरा महाग विधी झाला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विंडोजचं लायसन्स विकत घेणं सोयाबीनच्या भावावर जगणाऱ्या घराला परवडत नाही. भाऊ क्रॅक टाकून देतो, त्यात त्याचं काय चुकलं? कायदा घटकाभर बाजूला ठेवू. क्रॅक टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि पुढे अपडेटही, “नाहीतर क्रॅक उडते.” म्हणजे कुलूप काढल्याशिवाय याला दुरुस्तीच करता येत नाही. मार्च 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. 12 मे रोजी त्याच भोकातून वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर शिरला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी अपडेट घेतलं, त्यांच्याकडे त्याला त्या वाटेनं शिरता आलं नाही. सापडलेल्यांत बहुतेक यंत्रं विंडोज 7 ची होती. त्या विंडोज 7 चा आधार जानेवारी 2020 मध्ये संपला, पण भाऊची तिच्यावरची माया काही आटत नाही.

बरं, दुरुस्तीच्या टेबलावरून दुसरीकडेही जाता येतं, हे महाराष्ट्रानं पाहिलंय. दहावीनंतर शाळा सोडलेले कैलाश काटकर पुण्यात आधी कॅल्क्युलेटर आणि मग कॉम्प्युटर दुरुस्त करत. व्हायरसनं आजारी पडलेली यंत्रं दुकानात येऊ लागली, तेव्हा कॉम्प्युटर शिकणारे धाकटे भाऊ संजय तो व्हायरस कसा वागतो ते तपासून त्यावर उतारा लिहू लागले. त्यातूनच 1990 च्या दशकाच्या मध्यात क्विक हील हा अँटिव्हायरस निघाला आणि 2016 मध्ये त्याची कंपनी शेअर बाजारात गेली. डिग्रीचा मुद्दा इथे नाही. व्हायरस कोणता, हा प्रश्न काटकरांना पडला. फॉरमॅटभाऊला तो आजवर पडलेला नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी औषध ठरलेलं.

मग फुकट उपाय काय? तो विंडोज 10 आणि 11 मध्ये आधीच बसलेला आहे. विंडोज सिक्युरिटी उघडायचं, स्कॅन ऑप्शन्समध्ये डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन निवडायचं; यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज जागं व्हायच्या आत झाडाझडती घेतं. साधारण पंधरा मिनिटं. त्याउपर शंका राहिलीच, तर भारत सरकारनं फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत टूल्स आहेत, मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती आहे. एवढं करूनही व्हायरस निघाला नाही, तर फॉरमॅट जरूर मारा, पण फोटो बाहेर काढून आणि सेटअप मूळ कंपनीच्या साइटवरून घेऊन.

शेवटचा आक्षेप काकूंचा, आणि तो खोडता येत नाही: ते ऑफलाइन का काय ते चालू करणार कोण? कंपनीच्या हेल्पलाइनला वऱ्हाडी समजत नाही, आणि रविवारी सकाळी बोलावल्यावर येतो तो भाऊच. तेव्हा त्याला बोलवाच. स्कॅन त्याच्याच हातानं सुरू करवून घ्या, श्रेयही त्यालाच द्या. त्याला हवं असतं ते तेवढंच. फक्त ती पंधरा मिनिटं त्याच्या एका हातात पोह्यांची प्लेट आणि दुसऱ्या हातात चहाचा कप राहील असं बघा, म्हणजे खिशाकडे जायला तिसरा हात उरणार नाही.