अठरा सिलिंडर आणि एक झाकण

पी-४७ थंडरबोल्ट या अमेरिकी लढाऊ विमानाच्या नाकात प्रॅट अँड व्हिटनीचं आर-२८०० इंजिन असे. नऊ-नऊच्या दोन रांगांत १८ सिलिंडर आणि ताकद सुमारे २,००० अश्वशक्ती. खऱ्या इंजिनाचा व्यास सव्वा मीटरच्या वर, पण एकास बहात्तर या प्रमाणाच्या मॉडेलमध्ये ते रुपयाच्या नाण्याहूनही लहान होतं. किटमध्ये सिलिंडर आयते मिळतात. बाकीचं आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेलं असतं.

सदसद्विवेकबुद्धी सांगते, की दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे ३६ तारा आल्या. तार ०.१ मिलिमीटरच्या आसपासच हवी. ०.२ ची लावली, तर खऱ्या विमानाच्या हिशोबात ती १४ मिलिमीटर जाड होते आणि ठिणगीऐवजी त्यातून बागेला पाणी घालता येईल. म्हणून जुन्या चार्जरची वायर सोलून आतला तांब्याचा एकेक केस सुटा करायचा. घरातला कुठला चार्जर जुना, याबद्दल घरच्यांचं आणि माझं एकमत नाही.

हे काम उन्हाळ्यात करावं लागतं, कारण पावसाळ्यात रंग वाळायला मागत नाही. उन्हाळ्यात पंखा लावला की तारा उडतात, आणि बंद केला की घाम थेट इंजिनावर पडतो. (खऱ्या इंजिनांतून तेल गळायचंच, तेव्हा ते डाग इतिहासाला धरून आहेत असं मी मानतो.) झटपट चिकटणारा गोंद बोटाला चिमटा दोन सेकंदांत चिकटवतो. तारेला प्लग चिकटवायचा की नाही, यावर मात्र तो विचार करतो.

खाली मोझाइकची फरशी. ज्यानं कुणी ती निवडली, त्यानं पांढऱ्यावर राखाडी आणि काळे ठिपके टाकताना नेमक्या इंजिनाच्या छटा उचलल्या आहेत. पडलेला तुकडा शोधायला गुडघ्यांवर बसलं की अख्खी फरशी तुकड्यांचीच दिसू लागते. केरसुणीला तो पहिल्या फटक्यात सापडतो.

पुशरॉडांचं, म्हणजे झडपा हलवणाऱ्या दांड्यांचं, तर विचारूच नका. पुढच्या रांगेचे समोरून दिसतात, इथवर ठीक. मागच्या रांगेचे इंजिनाच्या मागच्या अंगाला, फायरवॉलकडे तोंड करून असतात. तिथं उजेडही जात नाही. तेही लावायचे. का लावायचे, हे विचारणारा माणूस या छंदात टिकत नाही.

एवढं झालं की त्यावर काउलिंग, म्हणजे झाकण, चिकटवायचं आणि पुढं चार पात्यांचा पंखा बसवायचा.

पूर्वी असं नव्हतं. सिलिंडर उघडे वाऱ्यात असत, येणारा-जाणारा बघू शके. मग १९२८च्या सुमारास अमेरिकेतल्या लँगली प्रयोगशाळेत इंजिनाभोवती नीट घडवलेलं काउलिंग बसवून पाहिलं गेलं. कर्टिसच्या एका हॉक विमानाचा वेग त्यामुळे ताशी १९० किलोमीटरवरून २२०वर गेला, वर इंजिन थंडही राहिलं. या कामाला १९२९ सालची कोलियर ट्रॉफी मिळाली. माझं काही म्हणणं नाही. ताशी ३० किलोमीटर म्हणजे थोडेथोडके नव्हेत. फक्त माझं विमान कपाटातून कुठं जात नाही, एवढंच सुचवावंसं वाटतं.

पाहुण्यांची मुलं विचारतात, "काका, हे उडतं का?" नाही म्हटलं की विचारतात, "मग?"

एक जाणकार गृहस्थ मात्र आवर्जून येतात. मोबाइलचा टॉर्च लावून पात्यांच्या फटीतून आत बघतात. बराच वेळ बघतात. तारांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. क्रँककेसचा राखाडी रंग अंमळ फिका झालाय, म्हणतात आणि चहा घेतात.

यावर उपाय म्हणून लिंडबर्गचं 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' करावं असं मनात आलं. १९२७ साली ज्या विमानानं तो एकट्यानं अटलांटिक ओलांडून पॅरिसला गेला, ते. त्याच्या राइट व्हर्लविंड इंजिनाचे नऊच्या नऊ सिलिंडर नाकाबाहेर उघडे आहेत. लपवाछपवी नाही. पण मग लक्षात आलं, की गोंदाचे थेंब, वाकडी तार आणि फिका राखाडी, हेही सगळं तितकंच उघडं राहणार, आणि त्या गृहस्थांना टॉर्चचीही गरज पडणार नाही. म्हणून सध्या दुसरं थंडरबोल्ट आणलं आहे.