जनरेशनबाब

गोव्यातल्या लाटंबार्शात राहून 'लॅपटॉप घ्यायचा आहे' हे वाक्य मोठ्याने बोलू नये. भिंतींना कान असतात ते सगळीकडेच. आमच्याकडे चहाच्या गाड्याला आणि कदंबा बसच्या थांब्यालाही असतात, आणि ते सगळे एकाच माणसाच्या कामाला आहेत. पुतणीला डिचोलीच्या झांट्ये कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश मिळाला, भावाने चाळीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी दाखवली, आणि तिन्हीसांजेला हा दारात. चप्पल एका पायात तशीच, आणि प्रश्न :

"जनरेशन कितवी?"

"अजून घेतलाच नाही."

"मग वेळेवर आलो."

तुमच्या गावात याचं नाव दुसरं काही असेल. आमच्याकडे तो जनरेशनबाब. आय-थ्री, आय-फाइव्ह ही प्रोसेसरची नुसती आडनावं, कूळ कळायला जनरेशन लागते, हा त्याचा सिद्धांत. जुन्या कुळातल्या आय-सेव्हनला नवा आय-थ्री सहज मागे टाकतो, हे तो मांडीवर थाप मारून सांगतो. यात खोटं काही नाही. पंचाईत इतकीच, की हा सिद्धांत लॅपटॉपपाशी थांबत नाही.

मासेवालीच्या पाटीतला बांगडा उलटापालटा करून त्याने विचारलं, "कितवी जनरेशन?" ती म्हणाली, "आजची. कालची आम्ही घरी खाल्ली." मानकुराद आंब्याचं कलम घेताना जनरेशन, कदंबाची बस चढावर धापा टाकायला लागली की जनरेशन. एकदा दोडामार्गाहून शेजारच्या मुलीला स्थळ आलं. गावातला जाणता माणूस म्हणून याला बैठकीला बसवला होता. मुलगा आयटीत आहे एवढं कानावर पडल्याबरोबर याने विचारलं, "कितव्या जनरेशनवर?" प्रश्न मुलाच्या मशीनबद्दल होता. मुलाच्या वडिलांनी तो घराण्याबद्दल घेतला आणि खापरपणजोबांपासून सुरुवात केली. पणजोबा पोर्तुगिजांच्या हद्दीत कधी आणि का आले इथपर्यंत येता येता चहा निवला. लग्न जमलं, ते कशामुळे हे अजून कुणाला सांगता येत नाही.

त्याच्या सल्ल्याने लवकर लॅपटॉप मिळतो, अशा समजुतीत राहू नका. 'थांब' हा त्याचा आवडता मंत्र. २०२५च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कमी होणार असल्याचं सांगितलं, आणि याने एका मास्तरांना महिनाभर थोपवून धरलं. २२ सप्टेंबरला नवे दर आले. मोठे टीव्ही अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीपासून अठरावर होता, तो अठरावरच राहिला. मास्तरांनी टीव्ही घेतला. त्याच्या आधी, ३ ऑगस्ट २०२३ला लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागणार अशी बातमी आली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा हा 'थांब' म्हणाला नाही. "आजच्या आज म्हापसा गाठा," म्हणून घरोघर फिरला. दुसऱ्या दिवशी सरकारने तो नियम पुढे ढकलला. तेव्हापासून सरकारचीही जनरेशन तपासायला हवी असं त्याचं मत आहे.

पुतणीला घेऊन आम्ही शुक्रवारी म्हापशाला गेलो. बाजारचा दिवस, गर्दी मरणाची, पण याला दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी आवडते, श्रोते मिळतात. विकणाऱ्या पोराने एक चकचकीत यंत्र पुढे केलं. "रायझन फाइव्ह, सात हजारांची सिरीज, एकदम नवा माल."

"आकडे वाच."

"सात, पाच, दोन, शून्य."

"तिसरा?"

"दोन."

"म्हणजे आत झेन-टू. २०१९चा गाभा. वरचा सात नुसता सदऱ्यावरचा बिल्ला. आणि रॅम?"

रॅम बोर्डावरच चिकटवलेली, उद्या वाढवायची म्हटली तरी वाढत नाही. पोराला हे ठाऊक नव्हतं, त्याच्या साहेबालाही नव्हतं. टोस्टर बघायला आलेल्या दोन बायका टोस्टर सोडून तिसरा आकडा शोधायला लागल्या. शेवटी तेराव्या जनरेशनचा आय-थ्री घेतला : आठ जीबी रॅम, दुसरी खाच रिकामी, ५१२ची एसएसडी, फुल एचडी पडदा. पुतणीला टॅली चालवायचं, प्रोजेक्ट टाइप करायचे आणि रात्री सिनेमे बघायचे. याहून जास्त तिला काही नको होतं, आणि याने एक रुपयाही जास्तीचा खर्च करू दिला नाही. 'एआय' लिहिलेलं महागडं मशीन दाखवलं तेव्हा तो त्या स्टिकरकडे ज्या नजरेने बघत होता, तशी नजर मी फक्त शिळ्या सुंगटांकडे टाकलेली पाहिली आहे.

आता एवढं सांगितलं तर हेही सांगायला हवं. हा माणूस कॉम्प्युटर शिकला तो डिचोलीच्या खाणीवरच्या काट्यावर. ट्रक काट्यावर चढला की वजन टाइप करायचं, चिठ्ठी फाडायची. २०१२ला खाणी बंद झाल्या, मधे काही सुरू झाल्या, मार्च २०१८ला परत बंद पडल्या. लोकांनी ट्रक विकले. याने भंगारात निघालेले कॉम्प्युटर विकत आणले, घरचे शिव्या घालत असताना. २०२०ला शाळा घरात आली आणि पोरं मोबाइल घेऊन रेंजसाठी डोंगर चढायला लागली, तेव्हा त्यातल्या चालण्यासारख्या डब्यांत एसएसडी बसवून याने ते पोरांच्या घरी नेऊन ठेवले. पैसे विचारले तर "जुनी जनरेशन आहे, पैसे कसले देतोस," म्हणून उलट ओरडायचा. नारळ दिला तर घ्यायचा.

त्याचा स्वतःचा लॅपटॉप सातव्या जनरेशनचा. बॅटरी मेलेली, वायर काढली की सगळं काळं. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज टेनचा आधार संपला. विंडोज इलेव्हन आठवीपासून पुढे घेतो. मी म्हटलं, "तू आता एक नवा घे." त्याने लिनक्स घातलं, आणि त्याच मशीनवर गृहआधारचे, लाडली लक्ष्मीचे, आणखी कसले कसले अर्ज भरत बसतो.

परवा त्याच्याकडे एक म्हातारी हयातीच्या दाखल्याचं विचारायला आली होती. दयानंद योजनेचे पैसे अडले होते. हा तिला सोडून माझ्याशी पंधराव्या जनरेशनबद्दल बोलत होता. तिने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग काठीने त्याच्या खुर्चीला ढोसलं.

"पुता, माझं आधी कर. माझी जनरेशन कधी बंद पडेल सांगता येत नाही."